बाजाराच्या यादीत राहून गेलेलं काम

कामं उरकली का? नसतील उरकली तर हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज आम्ही गटातल्या बाया मागच्या गुरुवारची हकीकत सांगणार आहोत. तो आमचा बाजाराचा दिवस. कोजागरी होऊन चार दिवस झाले होते, दिवाळी आठवड्यावर आली होती. बालाघाटच्या डोंगराखाली आमचं गाव. सोयाबीन निघालेलं, कापसाची पहिली वेचणी चाललेली. पहाटे गवतावर दव आणि दुपारी ऊन असं, की डोक्यावरचा पदर तापावा. पाऊस माघारी गेला की आभाळ मोकळं होतं. जमिनीत ओल असतेच, त्यात ऊन सरळ लागतं, म्हणून घाम अंगाला चिकटून राहतो. रात्री मात्र गोधडी ओढावी लागते.

आमच्या बीड जिल्ह्यात या दिवसांना आणखी एक अर्थ आहे. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला निघतात. आमच्या गटात अकरा जणी, त्यातल्या चौघी जाणार. म्हणजे त्यांचा हा निघण्याआधीचा शेवटचा मोठा बाजार. पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढायचे.

सकाळी गटाच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही कामांची यादी केली. बँकेत गटाचा हप्ता भरायचा. रेशन दुकानात अंगठा द्यायचा. शिंप्याकडून पोरांचे कपडे आणायचे. गिरणीतून चकलीची भाजणी दळून आणायची. लोहाराकडून कोयत्यांना धार लावून घ्यायची. शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहासाठी पोरांची नावं द्यायची, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी पोरांची शाळा सुटणार नाही. मग तेल, रवा, गूळ, पणत्या. सात कामं झाली.

त्यात आठवं काम आपोआप आलं. आमच्यातल्या एकीच्या नातवाला दोन दिवस ताप होता. बँकेच्या रांगेत दोघी थांबल्या आणि बाकीच्या पोराला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. आपल्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तेच.

मॅडमनी पोराचं बोट टोचून मलेरियाची तपासणी केली. ती चांगली निघाली. मग डेंग्यूची शंका म्हणून रक्त पुढे पाठवलं आणि आम्हाला समोर बसवून चार गोष्टी समजावल्या. त्या तुम्हालाही सांगतो, कारण या दिवसांत घरोघर ताप आहे.

पहिली गोष्ट, तापाला पॅरासिटामॉल द्यायची, तीही पोराच्या वजनाप्रमाणं विचारून. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या दुकानातून आणून द्यायच्या नाहीत. डेंग्यू असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन असल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुसरी, पाणी, ताक, पेज, मिठा-साखरेचं पाणी थोडं थोडं देत राहायचं आणि लघवी किती वेळा होते ते बघायचं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ताप उतरला की आपण हुश्श करतो आणि कामाला लागतो. पण डेंग्यूत खरा धोका बहुतेक वेळा ताप उतरतानाच असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तेव्हा पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, पोर सुस्त होणं, यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना. रात्र असेल तर १०८ ला फोन लावून गाडी बोलवायची. सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

चौथी गोष्ट पाण्याची. डेंग्यूचा डास चावतो दिवसा आणि वाढतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा असं सांगतात. यावर आमची एक काकू म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं नळाला पाणीच आठ-दहा दिवसांनी येतं. रांजण उपडा करून आम्ही प्यायचं काय?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. जे उपडं करता येत नाही ते झाकायचं. रांजण, ड्रम, टाकी यांच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं घट्ट बांधायचं, डासाला आत जायला फट ठेवायची नाही. भांडं रिकामं होईल तेव्हा आतून काथ्यानं घासायचं, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. आणि टायर, नारळाच्या करवंट्या, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं हे दर आठवड्याला बघायचं.

पोराचं काम झालं. आम्ही उठलो, पदर खोचला. अजून गिरणी राहिली होती, लोहार राहिला होता. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "बसा, तुमचं बीपी बघते. पाच मिनिटं लागतील."

मैत्रिणींनो, खरं सांगतो, आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. आम्हाला काय झालंय? आम्ही तर ताठ उभ्या आहोत. पोराला ताप नसता तर त्या दाराशी आम्ही गेलोच नसतो. आमच्या यादीत कोयत्याची धार होती, पण तो कोयता धरणारा हात यादीत नव्हता.

बसलो मग. बीपी कसं मोजायचं असतं तेही तेव्हाच कळलं. चालत आल्या आल्या मोजायचं नाही, पाच मिनिटं टेकून शांत बसायचं. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. अर्ध्या तासात चहा घेतला असेल, मिश्री लावली असेल किंवा तंबाखू खाल्ली असेल तर तसं सांगायचं, कारण आकडा वाढलेला दिसतो. पोलक्याची बाही तंग असेल तर हात मोकळा करायचा. हात छातीच्या उंचीवर टेकवायचा आणि मोजताना बोलायचं नाही. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात अवघड गेलं.

दोन आकडे येतात. वरचा आकडा म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल असतं तेव्हाचा. १२०/८० च्या आसपास असेल तर चांगलं. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर तो वाढलेला दाब. आणि १८०/११० च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

नऊ जणी तपासल्या. सात जणींचं ठीक. एकीचं थोडं वर. आणि आमच्या अक्काचं १६८/१०४.

अक्का म्हणजे आमच्या गटातली सगळ्यात कामाची बाई. वय बेचाळीस. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिला ना डोकेदुखी, ना चक्कर. ती म्हणाली, "मशीन बिघडलंय. मला काय बी होत नाही."

मॅडमनी दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं. १६४/१०२. मग त्यांनी सांगितलं ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "अक्का, काही होत नाही हेच या दुखण्याचं लक्षण. पाइपात पाण्याचा दाब जास्त असला तर पाइप ओरडत नाही. एक दिवस फुटतो." वाढलेला दाब वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तो मेंदूच्या नसा, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांना आतून झिजवतो. पहिली खूण म्हणजे थेट लकवा, असंही होतं. आमच्या गावातली एक बाई दोन वर्षांपूर्वी फडात मोळी बांधता बांधता पडली. तिचा उजवा हात अजून चालत नाही. तिचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं. ती आम्हाला आठवली, पण कुणी नाव काढलं नाही.

अक्का तरी ऐकायला तयार नव्हती. "एकदा गोळी चालू झाली की जन्माची मागं लागती." हे आपण सगळ्याच म्हणतो, म्हणून याचा उलगडा नीट करून सांगतो. गोळीची सवय लागत नाही. दाब वाढण्याचा कल शरीरात असतो, गोळी त्याला दाबून धरते. गोळी घेऊन आकडा खाली आला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, गोळी काम करते आहे असा त्याचा अर्थ. बरं वाटलं म्हणून बंद केली की दाब पुन्हा चढतो. छपरावर पत्रा आहे म्हणून घर गळत नाही. गळत नाही म्हणून कुणी पत्रा काढतं का?

काही जणींना गोळी लागतही नाही, किंवा कमी लागते. मीठ कमी केलं, तंबाखू-मिश्री सोडली, वजन जास्त असेल तर थोडं उतरवलं, तर फरक पडतो. दिवसाला एका माणसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा मीठ पुरे, त्याहून कमीच बरं. कोरड्यासात घालतो तेवढंच मीठ आपण मोजतो. पण लोणचं, पापड, खारा ठेचा, भाकरीच्या पिठातली चिमूट, हे सगळं त्याच चमच्यात धरायचं.

त्याच बैठकीत रक्तही बघितलं. बोटाच्या एका थेंबावर हिमोग्लोबिन कळतं. बाईला ते १२ च्या वर हवं, गरोदर बाईला ११ च्या वर. आमच्या तिघींचं १० च्या खाली निघालं. एकीचं ८.६. ही आमची सगळ्यात धाकटी, दोन लेकरांची आई, तीही तोडीला जाणार. चालताना दम लागतो, छातीत धडधडतं, ती म्हणायची कामानं होतंय. आणि एक गोष्ट तिनं हळूच सांगितली. तिला माती आणि कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. मॅडम म्हणाल्या, यात लाजायचं काय? पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचंच लक्षण असतं.

ती एकटी नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे ओसरीवर आपण दोघी बसलो तर त्यातली एक.

लोहाच्या गोळ्या आपल्याला केंद्रात फुकट मिळतात. पण अर्ध्या बायांच्या त्या डब्यात तशाच पडून असतात, कारण गोळीनं मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं हे साधं आहे, त्याला भ्यायचं नाही. मळमळत असेल तर जेवल्यानंतर किंवा रात्री झोपताना घ्यायची. चहासोबत किंवा दुधासोबत घ्यायची नाही, चहा आणि गोळी यांच्यात निदान एक तास जाऊ द्यायचा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी. उलट लिंबू, आवळा, पेरू सोबत असेल तर लोह चांगलं लागतं. गुळानं रक्त वाढतं असं आपण ऐकत आलो. गूळ खावा, पण एवढी मोठी तूट एकट्या गुळानं भरत नाही. हिरवी भाजी, डाळी, मटकीसारखी मोडाची कडधान्यं, जमत असेल तर अंडी, मटण, आणि सोबत गोळी. गोळी किती आणि किती दिवस ते केंद्रात विचारून घ्यायचं, आणि रक्त पुन्हा तपासल्याशिवाय मध्येच सोडायची नाही. पाळीत फार जात असेल तर तेही सांगायचं, कारण गळकी घागर नुसती भरून उपयोग नाही.

गर्भपिशवीचंही बोलणं निघालं. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या या ऑपरेशनांची चर्चा राज्यभर झाली, सरकारनं समिती नेमली. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावर कुणी पिशवी काढा म्हणालं तर लगेच हो म्हणायचं नाही. पुष्कळदा हे जंतुसंसर्गाचं दुखणं असतं आणि औषधानं बरं होतं. सरकारी दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. "पाळीची कटकट गेली, खाडा पडत नाही" या हिशोबात तर ऑपरेशन मुळीच करायचं नाही.

एवढं सगळं ऐकून बाहेर आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. गिरणी जेवायला बंद झाली होती. बँकेतल्या दोघी हप्ता भरून आल्या, पण पासबुकाचं मशीन बंद म्हणून नोंद नाही झाली. "पुढच्या गुरुवारी या." रेशन दुकानात अंगठा लागेना. कापूस वेचून बोटांच्या रेघा झिजलेल्या. हात धुऊन, पुसून, पदराला घासून चौथ्या खेपेला अंगठा लागला. तिथं चौघींनी एक चांगलं विचारून घेतलं. कार्ड आधारला जोडलेलं असेल तर कारखान्याच्या गावातल्या रेशन दुकानातूनही आपलं धान्य घेता येतं. कार्ड सोबत न्यायचं तेवढं.

मग बाजार. मैत्रिणींनो, या दिवसांतल्या बाजारासारखी दुसरी मजा नाही. झेंडूचे ढीग, नव्या पणत्या, उकडलेल्या शेंगांचा वास. आणि सीताफळं! आमच्या बालाघाटचं सीताफळ नावाजलेलं आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. डोंगरातून आलेल्या एका आजीकडून आम्ही पाटीभर घेतली आणि लिंबाखाली गोल करून बसलो. साखरेचं दुखणं असणारीनं एखादं अर्धं खावं, बाकीच्यांनी पोटभर. बिया मात्र आम्ही मोजून कागदात बांधल्या. त्याचं कारण सांगतो. आपल्याकडं या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात. ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, नजर जाऊ शकते. लेकींच्या डोक्याला ती लावू नका. बारीक फणी आणि केंद्रातलं औषध बरं.

सीताफळ खाता खाता अक्का गप्प होती. मग एकदम म्हणाली, "मी पडले तर कोयता अर्धा होतो. मुकादम उचल मागायला येणार, पोरं वसतिगृहात. मग माझं बीपी माझ्या एकटीचं आहे का?" आम्ही काही बोललो नाही. शेंगांची टोपली तिच्याकडं सरकवली.

शनिवारी ती स्वतःहून केंद्रात गेली. आकडा वरच होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून गोळी सुरू केली. तिनं निघण्याआधी जास्त दिवसांच्या गोळ्या मागितल्या आणि चिठ्ठी रेशन कार्डाच्या पिशवीत घातली. गोळ्या संपल्या की कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती चिठ्ठी दाखवायची. गोळी कधी घ्यायची? पहाटे फडात जायच्या आधी, चुलीवर पाणी ठेवलं की. रोज एकाच कामाला जोडली की विसर पडत नाही. धाकटीनं लोहाच्या गोळ्या घेतल्यात आणि अक्कानं तिला रोज रात्री आठवण करायची, असं दोघींचं ठरलंय. मिश्री मात्र अक्कानं अजून सोडलेली नाही. "एकेक करून बघू," म्हणते. आम्हीही एकेक करूनच मागं लागणार आहोत.

पोराचं काय झालं? डेंग्यूच निघाला, पण पोर सावरलं. ताप उतरला त्या रात्री त्याची आजी उशाशी जागी बसली होती, काय बघायचं ते तिला माहीत होतं.

आता तुमच्या गटासाठी एक छोटं काम. पुढच्या बैठकीत हप्त्याची वही उघडाल तेव्हा मागच्या पानावर तीन रकाने पाडा. नाव, बीपी, रक्त. ज्या बाईला चालेल तिचाच आकडा लिहा, कुणाला लपवायचा असेल तर नुसती तपासल्याची खूण करा. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीची बीपी-साखरेची तपासणी आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पहिली तपासणी सरकारी केंद्रात होते. आशाताईंना दिवस विचारा आणि सगळ्या मिळून जा. एकटीला घरातून निघायला लाज वाटते, अकरा जणींना वाटत नाही. काही शंका असेल तर १०४ नंबरवर आरोग्याचा सल्ला मिळतो.

आमच्या राज्यात २०२२ च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही तपासणीची मोहीम निघाली होती. नऊ दिवस देवीपुढं दिवा तेवत ठेवताना आपण तेल कमी झालं का ते घडीघडीला बघतो. तसंच हे.

आमची यादी आता बदलली आहे. पुढच्या गुरुवारी पासबुकाची नोंद राहिलीय, भाजणी दळायची राहिलीय. पण पहिल्या ओळीवर आम्ही लिहिलंय: राहिलेल्या दोघींचं बीपी. त्या दोघी त्या दिवशी बँकेच्या रांगेत उभ्या होत्या ना!

दिवाळी सुखाची जावो. तोडीला निघालेल्या मैत्रिणींनो, जपून जा, गोळ्यांची पिशवी विसरू नका, आणि सगळ्या धडधाकट परत या. नमस्कार.